ओल्या फडक्यातली फुलं

नातीला सांभाळायला म्हणून कोंडाबाई परभणीला लेकाकडे आली, ती चार महिन्यांसाठी. झाली की तीन वर्षं! नवरा, उमाजी, गावी बोरीलाच राहिला शेरडांपाशी. येताना तिनं बांधावरचा करटुलीचा एक गड्डा उकरून आणला आणि गच्चीवर फुटक्या बादलीत लावला. वेल दर पावसाळ्यात कठड्यावर चढायचा, पिवळ्या फुलांनी भरायचा, पण त्या काटेरी भाजीचं एक फळ धरेल तर शपथ!

"आत्याबाई, त्यापरीस गुलाब लावा," सून राजेश्री चिडवायची.

"गुलाबाची काय भाजी करू?" कोंडाबाई फणकारायची. पण आतून तिचा जीव तुटायचा. आपल्या वेलाची करटुली करून तिला एकदा नवऱ्याला समोर बसवून वाढायची होती. बाकी तिचं कशातच मन लागत नव्हतं.

यंदा न राहवून तिनं फोनवर उमाजीला विचारलंच.

"फुलाखाली बारकं फळ दिसायलंय का?" त्यानं विचारलं.

"दिसतंय की. पिवळं पडून गळायलंय."

"मग नुसती मादीच नेलीस की, येडे! नराचा वेल हितंच ऱ्हायला."

घ्या! उभा जन्म शेतात गेला आणि बाईला एवढं ठाऊक नव्हतं. बांधावर दोन्ही वेल एकमेकांत गुंतलेले. कोण कुठला, हे बघायची वेळच कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बोरीहून सकाळच्या जीपनं डबा आला. आत ओल्या फडक्यात नराची फुलं. चाळीस वर्षांत एक गजरा आणला नाही त्या माणसानं! कोंडाबाई चक्क लाजली. मग सुनेची नजर चुकवून एकेक फूल वेलावरच्या फुलाला हलकेच टेकवत बसली.

पंधरा दिवसांत भाजीपुरती करटुली धरली. तिनं लगेच फोन लावला.

"अवं, धरली बगा! या आता. आन् आलात की हितंच ऱ्हावा. मला तुमच्याबिगर लय करमंना झालंय."

"आन् शेरडं?"

"इका."

उमाजी हसला. "मला काय बादलीत लावतीस व्हय?"

"लावते की! पर या."

पलीकडं एक शेरडू ओरडलं. उमाजीनं त्याला चुचकारलं. मग हळूच म्हणाला, "उद्याच्याला आनिक फुलं पाठवू का?"

कोंडाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"पाठवा," ती म्हणाली.