मास्तरांची कटिंग

सलूनवाल्याला सगळी गल्ली रेडिओ म्हणायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हा सुरू; कात्री थांबली तरी तोंड थांबायचं नाही. फ्लूच्या लसीवरही त्याचं मत ठाम होतं. "माझं अंग, माझी मर्जी. मला कुठं काय झालंय?" खरं सांगायचं तर तो सुईला घाबरायचा. दिवसभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा माणूस, हे सांगणार कोणाला?

रविवारची पहिली खुर्ची मास्तरांची. त्याला पाढे शिकवलेले हे मास्तर केस वाढले नसले तरी दाढीला यायचे. किडनी बदलली आणि ते येईनासे झाले. बरे होऊन हिंडूफिरू लागले तरी फिरकले नाहीत. नाक्यावरच्या एसी सलूनात जात असणार, असं रेडिओनं मनात घेतलं आणि एक दिवस तणतणत त्यांच्या घरी गेला.

मास्तरांनी दार नाही, खिडकी उघडली. रेडिओची नजर थेट त्यांच्या केसांवर गेली. एका कानावर केस तोकडे, दुसऱ्यावर झुबके, मागं तर चक्क पायऱ्या.

"हे कोणी केलं?"

"बायकोनं. स्वयंपाकघरातल्या कात्रीनं," मास्तर म्हणाले. "नवी किडनी टिकावी म्हणून घेतो त्या गोळ्यांमुळे माझ्या अंगाला लस पुरती लागत नाही रे. डॉक्टर म्हणाले, जवळ येणाऱ्यांनी तरी टोचून घेतलेलं असावं. तू तर नाकाशी तोंड आणून बोलतोस."

"मग मला सांगायचं ना."

"तुझं अंग, तुझी मर्जी. मी कशाला गळ घालू?"

आपण या माणसावर उगाच राग धरला, याचं रेडिओला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात जाऊन बसला. दंड पुढे केला, डोळे गच्च मिटले.

"हलू नका हो," नर्स म्हणाली. जन्मभर हेच तो दुसऱ्यांना सांगत आला होता. टोचून झालं तरी डोळे मिटलेलेच. शेवटी नर्सनं हलवून उठवलं.

लस मुरायला दोन आठवडे लागतात म्हणे. तेवढी त्यानं कळ काढली. मग मास्तरांना निरोप दिला आणि रविवारी, दुकानात कोणी यायच्या आत, मास्तर येऊन बसले. रेडिओनं मास्क लावला, कात्री चालवली, पायऱ्या सपाट केल्या. तोंडातून मात्र शब्द नाही.

"काय रे, बरं नाही का?" मास्तरांनी आरशातून विचारलं.

"बरा आहे. म्हटलं, तुमच्या नाकाशी बडबड नको."

"अरे, केस तर बायकोही कापते," मास्तर म्हणाले. "मी इथं कशाला आलोय? बोल."