कालच्या कळ्या

“भिकुबाई, ठेवा ती फुलं खाली. आजपासून क्रॉसिंग बंद.”

गिरधर साहेब बांधावर उभे होते. रात्रभर मनात घोळवून घोळवून निरोप पार झिजलेला. भिकुबाईच्या टोपलीत नुकतीच खुडलेली नराची फुलं होती, दहिवराने ओली.

धुळ्याजवळच्या या सरकारी कापूस फार्मवर तिच्या केसांचे काळ्याचे पांढरे झाले होते. दुपार कलली की मादीच्या ओळीतली, उद्या उमलायची ती कळी नखाने उघडायची, आतले पिवळे पुंकेसर खुडून टाकायचे, वर लाल कागदाची टोपी चढवायची. सकाळी ऊन तापायच्या आत नराचं फूल तिच्यावर फिरवायचं, देठाला दोरा बांधायचा. हेच क्रॉसिंग. नाही फिरवलं, तर कळी वांझोटी गळून पडते. कमी पाण्यावर तगणारं वाण साहेबांना काढायचं होतं, आणि त्यापायी दोघांचेही कितीक मोसम गेले.

“काय झायं, साहेब?”

“दिल्लीत ठरलं. पैसा आता उपग्रहाला, संगणकाला, भौतिकशास्त्राला. आपल्या जीवशास्त्राला कात्री. या तुकड्यावर उपग्रहाची चित्रं उतरवणारं केंद्र होणार आहे. छगन नांगर लावून ट्रॅक्टर आणतोय.”

पलीकडच्या ओळीतली कमलबाई फिसकन हसली. “म्हंजे आते कपाशी आभायमाईन दिसी? दिसू द्या बापा. येचाले मातर खालेच येनं पडी!”

साहेबही हसले, पण ओठांपुरते. “तेही शास्त्र लागतंच, कमलबाई. दुष्काळ कुठवर पसरला ते कळेल. ताट एकच आहे, वाढणाऱ्याचा हात तिकडे वळला, एवढंच.”

“नि आपलं वान?”

“आणखी थोडे मोसम मागत होतं ते.” साहेबांनी चष्मा काढला, पुसला नाही, तसाच परत लावला. “आधीचं बी बरण्यांत राहील. कुणी विचारलंच तर.”

भिकुबाईने ओळीकडे पाहिलं. कालच्या कळ्या लाल टोप्या घालून उभ्या होत्या.

“साहेब, काल सांजले यास्ले हळद लाई आपीन. नवरी मांडोमा बठेल शे. नि आते वरात माघारी धाडतस का?”

“काय उपयोग, भिकुबाई? घटकाभरात सगळं मातीत जाणार.”

“उपेगनी गोट नही करी ऱ्हायनू मी. हळद लागनी का लगीन व्हवालेच जोयजे. आमनामा मोडतस नही.”

तेवढ्यात ट्रॅक्टर धडधडत आला. सोनगीरचा छगन वरूनच ओरडला, “अक्का, सरक व! माले आखो दुसरं वावर नांगरनं शे.”

“लगीन चालू शे, भो. थांब जरासा.”

“आठे? कोनं लगीन?”

“तुनं नही,” कमलबाई म्हणाली, “निवांत बठ.”

छगनने कुरकुरत इंजिन बंद केलं आणि निंबाखाली जाऊन विडी पेटवली. वावरात एकदम शांतता झाली. भिकुबाई वाकली. टोपी काढायची, फूल फिरवायचं, दोरा बांधायचा. कंबर ठणकत होती. त्या ठणक्याच्या तालावर ओठ आपोआप हलू लागले,

नवरी मांडोमा बठी, नवरदेव शीववर उना
वाजा बंद करू नका, जीव नवरीना सुना

जरा वेळाने पाहते तो साहेब ओळीच्या दुसऱ्या टोकाला वाकलेले. लेखणीला सरावलेली बोटं. फूल घासलं जात होतं.

“हालू, साहेब. दुखी तिले.”

“हो, हो,” साहेब म्हणाले आणि हात हलका केला.

ऊन पाठीवर आलं तेव्हा दोघं ओळीच्या मध्यावर भेटली. शेवटच्या कळीला दोरा बांधून भिकुबाई कमरेवर हात ठेवत सरळ झाली. साहेब तसेच उभे होते. छगनला हाक मारायला त्यांचं तोंड उघडेना.

“साहेब, बाहेर निंघा,” ती हळूच म्हणाली.

ते बांधावर आले. मग तीही आली, डोक्यावरचा पदर नीट केला, निंबाकडे तोंड केलं आणि आपणच हात वर केला.

“चालाव आते, भो.”