कमरेत खोचलेले अकरा मोर

कीबोर्डच्या दोन बटणांच्या फटीत एक खडा अडकला होता – साडीवर चिकटवतात तसला, तिळाएवढा, हिरवा. मयुरीने टाचणीच्या टोकाने तो उकरायचा प्रयत्न केला, तसा तो आणखी आत गेला. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर चोवीस मिनिटांचा तिचा सिनेमा थांबून राहिला होता – तिने लिहिलेला, रविवारी रविवारी कामरेजच्या एका शाळेत चित्रित केलेला, ऑफिसातल्या सगळ्यांना हसवून हसवून बेजार करणारा. संध्याकाळी सहापर्यंत तो महोत्सवाला पाठवायचा होता. आणि आत एक खोटं होतं. तेही चोवीसच मिनिटांत बसवलेलं, नीट कापून, सांधा दिसू न देता.

एरवी इथे, योगराजभाईंच्या स्टुडिओत, साड्यांच्या जाहिराती कापायच्या. पदर उडतो, बाई वळून हसते, किंमत येते, संपलं. पदराचं मयुरीला लहानपणापासून कळत होतं. सातवीत असताना घरी साड्यांचे गठ्ठे यायचे. आई आणि ती पाय पसरून बसायच्या, गुंदराची बाटली मधे, आणि आई खडा टेकवता टेकवता गुणगुणायची –

बोटाला पडल्या भेगा, खडे लावू मी किती गं
मोर नाचे परक्यांच्या पदरावरती गं…

गुंदर म्हणजे डिंक. तो बोटांवरून निघत नसे. वहीचं पान उलटताना पान बोटालाच यायचं. म्हणून गुजराती शाळेतल्या वर्गात तिचं नाव गुंदर पडलं. डबा खाताना तिच्या बाकावर कुणी बसत नसे – चिकटू म्हणून! हे सगळं सिनेमात होतं, आणि फार विनोदी होतं. तिनेच तसं केलं होतं. रडत सांगितलं असतं तर लोकांनी दोन मिनिटं ऐकलं असतं; हसवत सांगितलं की माणूस दार उघडून आत घेतो.

मग नवरात्र. वर्गातल्या अकरा मुली एकदम गोड बोलल्या – मयुरी, आमच्या ओढण्यांवर मोर लावून दे ना. मयुरी! गुंदर नव्हे. दोन दुपारी तिने मान वर केली नाही. मोर कुठे लावायचा हे तिने आईच्या अंगावर पाहून ठरवलं: आईचा पदर डाव्या खांद्यावरून पाठीवर मोकळा सुटायचा, तेव्हा मोर अगदी टोकाच्या कोपऱ्यात, चालताना डुलेल असा. पण गुजराती नेसण्यात ओढणीही पदरासारखी मागून उजव्या खांद्यावर पुढे येते आणि तिचा तोच कोपरा डाव्या कमरेला खोचतात, हे ना तिच्या ध्यानात आलं ना आईच्या. गरब्याला अकरा मुली आल्या, अकरा कमरांत अकरा मोर गडप, वर नुसते तुरे – जणू प्रत्येकीने कोंबडी चोरून कमरेला लपवलीय.

"एय गुंदर, मोर क्यां गयो?"

इथे ऑफिस खदखदून हसलं होतं. आणि पुढे सिनेमातली मुलगी, बाईंनी विचारल्यावर, ताठ उभी राहून म्हणते – मी. मी चिकटवले. सगळे गप्प. शेवट.

किती देखणा शेवट! आणि घडलं काय होतं?

"कोणे चोंटाड्या आ?" हे कुणी चिकटवले, बाईंनी विचारलं होतं. आणि मयुरीने, पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या मयुरीने, शेजारी उभ्या छायाकडे बोट केलं. "छायाए." छाया बुलढाण्याकडची, वर्गात नवी, तिने एकही खडा चिकटवला नव्हता, दोन्ही दुपारी फक्त शेजारी बसून हिरवे वेगळे, निळे वेगळे करून दिले होते. मयुरीच्या गुजरातीला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गुंदर छाया झाली, आणि मयुरीच्या बाकावर डब्याच्या सुट्टीत वर्गातल्या दोघी जणी येऊन बसल्या. दिवाळीनंतर छाया शाळेत दिसली नाही.

फोन वाजला. आई.

"जेवनी का व?"

"हो आई. कामात आहे."

"काल भेस्तानले छायानी माय भेटनी व्हती. छाया तुले याद करस म्हने."

"…काय याद करते?"

"आते ते मी काय ईचारू? याद करस, बस."

मयुरीने फोन उलटा ठेवला. याद करते. कशी? दात खाऊन, की हसून? की कपाटातलं जुनं काही हाताला लागावं तशी, सहज? ते कळायला भेस्तानला जावं लागलं असतं, आणि तिकडे पाऊल वळेल तेव्हा वळेल. आज हाताशी हे एवढंच होतं. तिने जुनी फाइल उघडली.

तो प्रसंगही तिने चित्रित केला होता. जादाचा म्हणून, असू दे म्हणून. मुख्य भूमिकेतल्या बारा वर्षांच्या शर्वरीने तेव्हा शेजारी उभ्या मुलीकडे बघत विचारलं होतं, "ताई, हिने काय केलंय?"

"काही नाही."

"मग मी हिचं नाव का घेऊ?"

"घे. आणि हसू नकोस."

मयुरीने 'मी' कापून टाकलं. त्या जागी बोट बसवलं. सांधा दिसत होता. तिने तो दिसू दिला.

"काय गं हे?" योगराजभाई चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे होते. "परत एकदा लाव." मोर गडप झाले तसे ते सवयीने हसले, हसत हसतच बोटापर्यंत आले, आणि हसू तोंडातच राहिलं. कप खाली ठेवून म्हणाले, "मयुरी, लोकांनी हसत बाहेर पडायला हवं ना? तुझी हिरोईनच वाईट ठरते अशानं."

"ठरू दे, भाई."

"महोत्सवातला नंबर जाईल."

"जाऊ दे."

"बघ बाई. सिनेमा तुझा." ते गेले. चहा विसरून गेले.

साडेपाच. तिने तो प्रसंग पुन्हा लावला, आणि पुन्हा. बोट उठतं – आणि दुसरी मुलगी वळते. पंधरा वर्षं मयुरीला छायाची मान खाली गेलेली आठवत होती; या मुलीलाही तिने तसंच सांगितलं होतं, मान खाली घाल. पण मुलगी आधी क्षणभर विसरली होती. तेवढ्या क्षणात ती सरळ बघत होती, बोट करणारीकडे, डोळे न मिटता… आणि मयुरीने तेवढंच मागे नेऊन पाहिलं, कारण तसंच होतं ते! छायाने मान खाली घातलीच नव्हती. ती बघत होती. वाट बघत होती – आत्ता ही म्हणेल, छे छे, मीच. आत्ता म्हणेल… ती मान मयुरीने नंतर वाकवली होती, एकटीच, वर्षानुवर्षं, थोडी थोडी, स्वतःला झोप यावी म्हणून.

मान खाली जाण्याआधी तिने प्रसंग तोडला. ते बघणं तेवढं ठेवलं, लांबवलं, नको इतकं, आणि सहाला पाच मिनिटं असताना सिनेमा पाठवून दिला. आता ती नजर पडद्यातून थेट तिच्यावर येत होती, आणि हे पाठवल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं जे तिला दुपारपासून वाटत होतं, ते कुठे गेलं कुणास ठाऊक. सुटायचं नव्हतंच. तिने खुर्ची पुढे ओढली, आणि त्या नजरेसमोर, बोलावल्यासारखी, नीट बसली.