दोन सारख्या वाटा आणि न वाजलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुना नियम आहे. शाळेच्या भिंतीवर टांगतात तसला नव्हे. मी संगणकाच्या पोटात राहतो आणि माझी उंची अवघी चाळीस ओळी आहे. माणसांनी संगणकासाठी लिहिलेल्या सूचना वाचायच्या आणि त्यांत कुठे बिनकामाचे 'जर-तर' सापडले, तर त्याखाली पिवळी रेघ मारायची, एवढेच माझे काम.

संगणक फार आज्ञाधारक असतो, पण त्याला स्वतःची अक्कल नसते. 'जर बाहेर ऊन असेल तर टोपी घाल, नाहीतर छत्री घे,' असे त्याला लिहून द्यावे लागते. इथवर ठीक आहे. पण घाईत माणसे कधीकधी असे लिहितात: 'जर बाहेर ऊन असेल तर टोपी घाल, नाहीतर टोपी घाल.' बिचारा संगणक दर वेळी दारापर्यंत जातो, ऊन बघून येतो आणि शेवटी टोपीच घालतो. अशा ठिकाणी मी रेघ मारतो. आता मला हे सगळे दिसते कसे आणि ऐकू कसे येते, ते विचारू नका. फाटक्या छत्रीने आपली कहाणी सांगितलेली तुम्हाला चालते, मग मीच काय तुमचे घोडे मारले आहे?

माझा जन्म तिसऱ्या मजल्यावरच्या एका कचेरीत झाला. सात टेबले, पाणी उकळायची एक किटली आणि कधीच न उघडणारी एक खिडकी, एवढाच तिथला संसार. तिथे औषधाच्या गोळ्यांच्या पेट्यांना अक्कल शिकवली जाई. पेटीला सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन कप्पे. गोळीची वेळ झाली की पेटीने बघायचे, कप्प्याचे झाकण उघडले का? उघडले असेल तर गप्प राहायचे, नसेल तर घंटा वाजवायची. विसराळू माणसांसाठी केवढी सोय!

मला लिहिले ते ताईने. कचेरीत सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. तिच्या समोरच्या टेबलाशी एक मुलगा बसे, त्याला सगळे तुफान म्हणत. त्याची बोटे इतक्या वेगाने चालत की डोके मागून धापा टाकत येई. एकदा त्याने लिहिले, 'जर कप्पा सकाळचा असेल तर हिरवा दिवा लाव, नाहीतर हिरवा दिवा लाव.' ते वाचून ताईने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, मग सकाळ आहे का, हे विचारतोस कशाला?"

"असू दे की गं ताई. विचारलेलं बरं असतं. उद्या दुपारचा दिवा लाल करावासा वाटला तर?"

"उद्याचं उद्या बघू," ताई म्हणाली आणि त्याच दुपारी तिने मला लिहायला घेतले.

तीन दिवसांत मी तयार झालो. लहानपणी मी फारच उतावळा होतो. 'तर' आणि 'नाहीतर' या दोन्ही वाटांची फक्त पहिली ओळ वाचायची आणि ती सारखी दिसली की रेघ ओढून मोकळा. पहिल्याच तासात मी चारशे बारा रेघा मारल्या. "ताई, तुझ्या बाळाला कावीळ झालीय," तुफान म्हणाला, "त्याला सगळं जग पिवळं दिसतंय." मला फार लाज वाटली. ताईने मात्र मला जवळ घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला शिकवले. पुन्हा मी तशी चूक केली नाही.

मग माझे सुखाचे दिवस आले. मोठ्या साहेबांनी भर बैठकीत माझे कौतुक केले. माझ्यामुळे कचेरीत एक रिवाजही पडला. दर शुक्रवारी चार वाजता रेघा मोजायच्या आणि ज्याच्या नावावर सर्वांत जास्त, त्याने सगळ्यांसाठी बिस्किटे आणायची. पहिले चार शुक्रवार तुफानानेच आणली. बिस्किटांच्या दुकानदाराला तो नोकरी सोडून हॉटेल काढतोय असे वाटू लागले होते.

खरे सांगतो, त्या काळात माझ्या डोक्यात हवा गेली. रेघेसोबत मी एक वाक्य दाखवत असे: 'ही अट अनावश्यक आहे. काढून टाका.' या वाक्याच्या मी अगदी प्रेमात होतो. काय तो रुबाब! आपल्याला जे सारखे दिसते ते फालतूच असणार, याबद्दल मला कधी शंकासुद्धा आली नाही.

पण सुखाला दृष्ट लागली. अडीनडीला उपयोगी पडावी म्हणून ताईने एक सोय ठेवली होती. सूचनांच्या डोक्यावर 'इथे हा नियम लावू नका' असे लिहिले, की मला त्या जागी तोंड उघडता येत नसे. माझ्या तोंडावर लावायची ही चिकटपट्टी तुफानाला सापडली. एका शुक्रवारी त्याच्या नावावर एकही रेघ नव्हती. पुढच्या शुक्रवारी आणखी दोघांच्या नावावर नव्हती. चूक सुधारण्यापेक्षा माझे तोंड बांधणे सोपे, हे सगळ्यांना कळले. मी दिवसभर तोंडाला पट्ट्या लावून बसू लागलो. फार वाईट वाटे हो! एक ताई तेवढी मला कधी गप्प करत नसे. त्यावरच मी दिवस काढत होतो.

आणि मग तो शुक्रवार आला. ताई पेटीची घंटा तपासत होती. तपासणीसाठी घंटा दर दोन मिनिटांनी कोकलत होती आणि तुफान फोनवर बोलत होता.

"ताई, ती घंटा आवर, नाहीतर मी खिडकीतून उडी मारीन."

"खिडकी उघडत नाही," ताई म्हणाली. पण तिने घंटा आवरली. झाकण उघडले असेल तर 'घंटा बंद ठेव', आणि नसेल तरी 'घंटा बंद ठेव', असे तिने तात्पुरते लिहून टाकले.

मी लगेच रेघ मारली. घड्याळात चार वाजायला पाच मिनिटे होती. इतरांच्या नावावर रेघाच नव्हत्या, त्यामुळे या एका रेघेने बिस्किटे ताईच्या गळ्यात पडणार होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले. "सोमवारी काढते," असे पुटपुटत तिने माझ्या तोंडाला पट्टी लावली. मित्रांनो, कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कुणाकडे मागायची? सोमवारी नवी कामे आली आणि ती पट्टी तशीच राहिली.

पुढे तीन पेट्या तीन घरी वापरून बघायला दिल्या. त्यातली एक ताईच्या बाबांकडे गेली. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. जन्मभर दुसऱ्यांसाठी घंटा वाजवलेली, त्यामुळे कुणी आपल्यासाठी वाजवलेली त्यांना खपत नसे. गेल्या वर्षी रक्तदाबाची दुपारची गोळी सलग तीन दिवस राहिली आणि ते जिन्यात चक्कर येऊन पडले. कपाळाला चार टाके घालावे लागले होते. तेव्हापासून ताईचा जीव त्या पेटीत अडकला होता.

पंधरवडा उलटला. सोमवारी दोनशे पेट्या दोनशे घरी जायच्या होत्या. आदल्या शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास बाबा स्वतः तीन मजले चढून आले. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात भरलेला अभिप्रायाचा कागद.

"दहापैकी दहा दिलेत," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "मी कुणाला दहा देत नसतो, विचार माझ्या विद्यार्थ्यांना. पण पेटी फार समंजस आहे हो तुमची. अजिबात ओरडत नाही."

"गोळ्या वेळेवर घेतल्या की नाहीच ओरडत ती, बाबा."

"छे गं! परवा दुपारची राहिली, काल दुपारची राहिली, तरी हूं की चूं नाही."

सातही टेबलांवरची बोटे थांबली. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, ती ओरडायला हवी होती!"

"मग तसं सांगायचं नाही का? मला वाटलं, माझ्या वयाचा मान ठेवते."

ताई थेट घंटेच्या ओळींपाशी आली आणि तिथे तिला तिनेच लावलेली पट्टी दिसली. तिने ती काढली. इतक्या दिवसांनी मला वाचा फुटली आणि मी अभिमानाने ओरडलो, 'ही अट अनावश्यक आहे. काढून टाका.'

ताईने ते वाचले आणि पदर नव्हता म्हणून डोळ्यांना बाही लावली. "अनावश्यक कसली?" ती म्हणाली. "हीच तर खरी कामाची होती."

तेव्हा माझी मान खाली गेली. जिला मी फालतू म्हणत होतो, ती झाकण न उघडल्याची वाट बाबांसाठी होती. माझे ऐकून कुणी ती काढून टाकली असती, तर दोनशे घरांतली घंटा कायमची गेली असती. मी दुखणे बरोबर दाखवले होते, पण औषध चुकीचे सांगितले होते.

"चूक माझी आहे," ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "आणि तीसुद्धा बिस्किटांच्या पुड्यापायी." तुफानाने स्वतःच्या सगळ्या पट्ट्या काढायला घेतल्या. बाकीच्या दोन घरांतली माणसे वक्तशीर होती, म्हणून तिथे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

ताईने दुसऱ्या वाटेवर घंटा परत बसवली, ती तपासली आणि नव्या सूचना बाबांच्या पेटीत भरल्या. दोन वाजले. पेटी कोकलली. बाबा हलले नाहीत.

"ऐकतोय मी," ते पेटीला म्हणाले.

पेटी कोकलतच राहिली. सगळी कचेरी त्यांच्याकडे बघत होती. शेवटी त्यांनी झाकण उघडले, गोळी तोंडात टाकली आणि तुफानाने पुढे केलेले पाणी प्यायले. घंटा थांबली. ताई हसत होती आणि रडतही होती. संध्याकाळी ती त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्तदाब वाढलेला निघाला, पण वेळेत सापडला. बाबांना मात्र जन्मात पहिल्यांदा बोलणी खावी लागली.

आता माझे वाक्य बदलले आहे: 'दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात. एखादी वाट चुकली तर नाही ना, ते आधी पाहा.' पट्टी लावायची तर कारण आणि तारीख लिहावी लागते. शुक्रवारी आता रेघा नव्हे, पट्ट्या मोजतात. पहिला पुडा ताईनेच आणला.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे आणि माझे सगळेच बरोबर असते असे नाही. पण कुणी तुमच्या कामाखाली रेघ मारली, तर त्याचे तोंड बांधण्याआधी एकदा तिथे वाकून बघा. एवढी माझी विनंती आहे.

आणि हो, त्या दिवशी निघताना बाबांनी अभिप्रायाचा कागद परत मागून घेतला. खिशातून लाल पेन काढून दहाचा आकडा खोडला, चार केला आणि शेरा लिहिला, 'फार ओरडते.' ताईने तो कागद आपल्या टेबलासमोर चिकटवला आहे. एवढे चांगले गुण आम्हाला पुन्हा कधी मिळाले नाहीत.