निकाली

"आज तोंड उघडायचं नाही," दातीर साहेबांनी मला दारातच बजावलं.

रस्ते-संशोधनाचं काम कसं चालवावं, ते एकमेकांकडून शिकायला इतर राज्यांचे अधिकारी नाशिकला आमच्या कार्यालयात आले होते. शिकायचं कुठलं? आमची सगळी धडपड अपयश झाकायची होती.

साहेबांनी पडद्यावर आमचे प्रकल्प दाखवले. हरसूलकडचा घाटरस्ता का खचतो, या अभ्यासापुढे लिहिलं होतं, 'निकाली'.

इंदूरच्या पागेबाई खूश झाल्या. "अरे वा, निकाल लागला! काय सापडलं?"

साहेब पाण्याचा ग्लास शोधू लागले. माझं डोकंच फिरलं.

"काहीच सापडलं नाही, मॅडम. निकाली काढला म्हणजे फाइल बंद केली. रस्ता अजून खचतोय."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. आता माझी बदली नक्की होती.

पागेबाई हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्यांच्या प्रत्येक प्रकल्पापुढे एकच शब्द होता, 'संपन्न', हिंदीतलं 'पूर्ण झालं'.

"आता मला विचारा," त्या म्हणाल्या, "काय सापडलं."