नजर लावणे

लोकांना वाटतं, ट्रेलर म्हणजे सिनेमाचा मासला. मासला कसला! भाजीवाला लालबुंद टोमॅटो वर रचून ठेवतो ना, तसलाच प्रकार. खाली काय भरलंय ते घरी पिशवी उलटी केल्यावर कळतं. आमची ट्रेलरवाली हे वरचे टोमॅटो रचण्याचं काम करायची. बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर दोन पडद्यांपुढे बसायची, आणि हल्ली तिला त्या कामाची किळस यायला लागली होती. कंटाळा नव्हे, किळस. दुपारी डबा उघडला तरी घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

मारामारीचा सिनेमा आला की आधी शांतता, मग छातीचे ठोके, मग काच फुटणार, मग नायक आगीकडे पाठ करून सावकाश चालत येणार. आग लागली की शहाणा माणूस पळत सुटतो. हा मेला चालतो, आणि वर केस उडवतो. गायकाच्या आयुष्यावरचा सिनेमा असला की गरीब पोर, तुटकं वाद्य, बापाची थप्पड, टाळ्या, दारू, पुन्हा टाळ्या. जगातले सगळे गायक जणू एकाच बापाचा मार खाऊन मोठे झाले. एवढे सिनेमे तिच्या हातून गेले, पण एकही तिने पुरता पाहिला नव्हता. तिच्याकडे यायचे ते तुकडे, मुके, काडेपेटीएवढे.

साहेबांचं तत्त्व साधं होतं. "मारामारीच्या सिनेमात स्फोट, गाण्याच्या सिनेमात लफडं. बाकीचं बघतील तिकीट काढून."

आणि लफडं सिनेमात नसलं तर? तर नजर लावायची. खोलीतला शब्दच होता तो. एका प्रसंगातले कुणाचे तरी डोळे उचलायचे आणि दुसऱ्या प्रसंगातल्या माणसापुढे जोडायचे. बाई खरं तर उतू जाणाऱ्या दुधाकडे बघत असेना का. पुढे पुरुष लावला की ती पुरुषाकडे बघते. ट्रेलरवालीचा हात या कामात असा बसला होता की विचारू नका.

आता तिच्या घरातलं सांगायला हवं. तिच्या सासूबाई व्हायोलिन वाजवायच्या. एका नावाजलेल्या गायकाच्या मागे बसून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. त्याला त्या दादा म्हणायच्या आणि त्याच्या बायकोला वहिनी. दादा गेले, पण वहिनींचा फोन रोज दुपारी यायचाच. दोघी तासभर बोलायच्या, त्यात अर्धा वेळ भांडायच्या. एकीला दुसरीशिवाय करमायचं नाही.

दादांवर सिनेमा निघाला, तेव्हा सासूबाईंचं काम करणारी नटी शिकायला घरी आली. सासूबाईंनी तिला व्हायोलिनआधी बघायला शिकवलं.

"हाताकडे बघू नकोस, माझ्याकडेही नको. त्यांच्या गळ्याकडे बघ. श्वास कुठे संपणार ते गळा आधी सांगतो. पापणी लवली की तू मागे पडलीस."

नटी हुशार. तिने ती नजर जशीच्या तशी उचलली. सासूबाईंचं वहिनींशी ठरलंही, की सिनेमा लागला की पहिल्या दिवशी शेजारी-शेजारी बसून बघायचा. "मी रडले तर चिमटा काढ," असं वहिनी म्हणाल्या होत्या.

ट्रेलर करायला आला तो सुनेकडेच. तिने आधी सरळ केला. साहेब म्हणाले, "अळणी आहे." तिने टाळ्या वाढवल्या. साहेब म्हणाले, "अहो, मीठ घाला, मीठ! टाळ्या कसल्या वाढवताय?" पलीकडच्या पडद्यावर मारामारीचा सिनेमा तुंबला होता. तिने वैतागून तुकड्यांचा ढीग उपसला आणि तिला हवे तसे डोळे मिळाले: एका बाईचे, नुसते डोळेच, भुकेले, पापणी न लवणारे. कुणाचे ते बघायला वेळ कुणाला होता? तिने ते सिनेमातले दादा सदरा उतरवतात त्या तुकड्यापुढे लावले आणि मागोमाग आईच्या मरणाची बातमी ऐकून रडणाऱ्या वहिनी. साहेबांनी टेबलावर थाप मारली. "आत्ता कसं!"

ट्रेलर लागला त्या दिवशी नवऱ्याने टीव्ही सुरू करून आईला हाक मारली. सासूबाई चष्मा पुसून समोर बसल्या. पोर आलं, थप्पड आली, टाळ्या आल्या. मग अंधारी खोली, सदरा, ते डोळे, रडणाऱ्या वहिनी.

"हे माझे डोळे," सासूबाई म्हणाल्या. "मी गळ्याकडे बघतेय."

एवढ्या मोठ्या पडद्यावर सुनेने ते डोळे आत्ता पहिल्यांदा पाहिले. नवरा टीव्ही बंद करून आत निघून गेला.

"वहिनी हसेल," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. "ती समोरच बसलेली असायची."

सून तशीच साहेबांकडे गेली. "तेवढा तुकडा काढा. त्या माझ्या सासूबाई आहेत."

"काय सांगता! खऱ्या?" साहेबांचे डोळे चमकले. "मग त्यांनाच बोलवा की मुलाखतीला. लोक त्याच जागेबद्दल बोलतायत, आणि तुम्ही काढा म्हणताय?"

शी! समोरच्या पडद्यावर नायक आगीतून चालत येत होता. तिला वाटलं, एकदा तरी तो जळावा. पर्स उचलून ती निघाली. मागून साहेबांनी दुसऱ्या कुणाला तरी तिच्या खुर्चीवर बसायला सांगितलेलं तिला ऐकू आलं.

घरी सासूबाई फोनजवळ बसल्या होत्या. "आला होता वहिनीचा," त्या म्हणाल्या.

"हसल्या?"

"आधी खूप हसली. सिनेमावाल्यांना शिव्याही घातल्या. मग म्हणाली, सहज विचारते गं, तू कुठे बघायचीस? मी म्हटलं, गळ्याकडे." सासूबाईंनी चष्मा काढला. "ती म्हणाली, हो ना. आणि फोन ठेवला."

सून खाली मान घालून उभी राहिली. "माझीच चूक, आई. मी ओळखले नाहीत तुमचे डोळे."

"तुमच्यात काय म्हणतात गं त्याला? जे केलंस ते?"

"नजर लावणं."

सासूबाईंनी मान डोलावली.

"लागली," त्या म्हणाल्या.