हिंगाची फोडणी

ब्राह्मीच्या एम.ए.च्या प्रबंधाचा आराखडा साताऱ्याच्या कॉलेजातून दोनदा परत आला होता. एका कन्नड कथेचं मराठी भाषांतर आणि त्यावर अभ्यास, एवढाच विषय. पण समितीने "यात शोधायचं काय?" असं विचारलं की तिची दातखीळ बसायची. आता सोमवारी शेवटची संधी. ती हुकली की वर्ष पाण्यात. म्हणून या खेपेला तिने पहिल्याच पानावर ठासून लिहिलं, 'मी मूळ कथेत पदरचं काहीही घातलेलं नाही.' पोरीची हिंमत बघा!

तिच्या मार्गदर्शक विजयमाला मॅडम मूळच्या रहिमतपूरच्या. वडील फौजेत असल्याने लहानपण बेळगावात गेलेलं, त्यामुळे कन्नड उत्तम. मूळ कथा आणि भाषांतर शेजारी ठेवून त्या वाचायला बसल्या. कथेतली आई ट्रकवर गेलेल्या मुलाची वाट बघत असते. तो रात्री उशिरा उपाशीपोटी येतो. आई चूल पेटवते, झुणक्यासाठी कांदा परतते आणि त्या वासाने अबोला धरलेली शेजारीण दार उघडते.

वाचता वाचता मॅडमना हसू आवरेना.

"अगं, तुझा ट्रकवाला तर दिवेलागणीच्या आत जेवून मोकळा झालाय! आणि कांदा कुठं गेला? हिंगाची फोडणी घातलीस?"

ब्राह्मीने कागद ओढून घेतला. खरंच की! सांगलीजवळच्या तिच्या जैन घरात सूर्य मावळल्यावर पान वाढत नाहीत आणि कांद्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. लिहिताना तिला हे जाणवलंसुद्धा नव्हतं. लाजेने ती रडकुंडीला आली.

"रडतेस काय? समिती विचारते ना शोधायचं काय, मग हेच शोध. भाषांतर करणाऱ्याचं घर भाषांतरात कसं शिरतं ते. पण आधी कथा आहे तशी लिहून आण."

शनिवारी ती घरी गेली. झालेली फजिती ऐकून आई, चंदनबालाबाई, उलट तिच्यावरच उखडल्या. "चुकलं काय त्यात? दिस मावळल्यावर कोण जेवाय वाढतंय?"

ब्राह्मी कथा पुन्हा लिहायला बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी नवं भाषांतर आईला वाचून दाखवू लागली. मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि तिची जीभ अडखळली. पुढचं आईसमोर वाचायचं कसं?

"मग? फुडं?" आई म्हणाली.

"रात्र झालीय आई."

"हू दे की! पोरगं दारात उपाशी उबं हाय आणि तू थांबलीस व्हय? घाल त्याला जेवाय!"

"त्यांच्या घरात कांदाच आहे."

"मग चीर की कांदा! त्या माउलीनं घरात हाय तेच घालायचं न्हवं?" आईने पदराने डोळे पुसले. ब्राह्मीने कथा शेवटपर्यंत वाचली.

सोमवारी समितीपुढे तिने हिंगाची हकीकत न लपवता सांगितली. एका सरांनी विचारलं, "पण नवं भाषांतर वाचकाला भिडलं, हे कशावरून?"

"आमच्या घरात कांदा येत नाही, सर. पण माझ्या आईनं कथा ऐकून मलाच कांदा चिरायला सांगितला."

सगळे हसले. मॅडम मात्र चष्मा पुसत बसल्या. आराखडा मंजूर झाला.

बाहेर येताच तिने घरी फोन लावला. "आई, झालं गं! विषय मंजूर!"

"लय ब्येस झालं," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "आणि त्या पोरानं पोटभर खाल्लं न्हवं?"